कनवटीला बेडूक

धोतराला खिसा नसतो. म्हणून आपल्या आजोबांनी पैसे कनवटीला लावले आणि प्रश्न मिटवला. जपानी माणसाच्या किमोनोलाही खिसा नाही. त्याने कमरपट्ट्यामागून दोरी ओवली, खालच्या टोकाला तंबाखूचा बटवा नाहीतर औषधाची डबी लटकवली आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गट्टू बांधला. हा गट्टू म्हणजे नेत्सुके. काम एवढेसे, पण एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) कारागिरांनी अक्रोडाएवढ्या लाकडात उंदीर, बेडूक, भुतेखेते, डुलक्या घेणारे भिक्षू असे अख्खे जग कोरून ठेवले.

नोकरीनिमित्त तीन वर्षे ओसाकात होतो, तेव्हा या छंदाने मला धरले. हस्तिदंती नेत्सुकेंचा बोलबाला अधिक. पण हस्तिदंत भारतात आणणे कायद्याने गुन्हा, आणि खरे सांगायचे तर मला लाकूडच आवडते. ‘त्सुगे’ नावाचे पिवळसर, घट्ट लाकूड असते. जपानी बायकांच्या फण्या याच्याच होतात. त्यावर केसासारखी रेघही नीट उमटते आणि हात लागून लागून ते मधाच्या रंगाला येते.

माझी पहिली खरेदी बेडकाची. एका दुकानदाराने तळाची सही दाखवली : मासानाओ. यामादा, म्हणजे आजच्या इसे शहरातले हे नामांकित घराणे. त्यांचे बेडूक पुस्तकांत पाहून मी हरखलो होतो. ८० हजार येन मोजले. बायकोला आकडा सांगितला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत. मी त्यांना सेन्सेई म्हणत असे. मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे बेडूक ठेवला. सही त्यांनी पाहिलीच नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, दोरी ओवून बेडूक स्वतःच्या पट्ट्याला लावला आणि दोनदा उठले-बसले. बेडकाचा मागचा पाय सदऱ्यात अडकला. मग भिंग घेऊन दोरीची भोके पाहिली. दोन्ही अगदी सारखी, कडा धारदार. जुन्या नेत्सुकेत पुष्कळदा एक भोक मोठे असते, गाठ आत दडावी म्हणून; आणि विहिरीच्या दगडाला पोहऱ्याच्या दोरीने खाच पडावी तशी त्याची कड झिजलेली असते.

‘‘बेडूक छान आहे,’’ सेन्सेई म्हणाले, ‘‘पण हा अजून कुणाबरोबर कुठे गेलेला नाही.’’

नवे लाकूड, रंग देऊन जुने केलेले! माझा चेहरा पाहून त्यांनी आतून स्वतःच्या आजोबांचा उंदीर आणला. सही नाही, शिंगाचा एक डोळा गळालेला, कान बोथट. पण मुठीत घेतला आणि सोडवेना. मी किंमत विचारली. (आजही त्या प्रश्नाची लाज वाटते.) सेन्सेईंनी हसून चहा ओतला.

सहीचे वेड आपल्यासारख्या संग्राहकांचे. १७८१ साली ओसाकात निघालेल्या ‘सोकेन किशो’ या तलवारीच्या साजावरच्या ग्रंथात नेत्सुके कोरणाऱ्यांची नावे आली आहेत. त्यातला योशिमुरा शुझान केवढा मानाचा! हिनोकीच्या लाकडात कोरून तो वर रंग देई, पण सही करत नसे. याउलट मासानाओ हे नाव पिढ्यान्पिढ्या चालले. खरी सही असली तरी कोणत्या मासानाओची, हा प्रश्न उरतोच. आणि बिनसहीच्या जुन्या वस्तूवर मागाहून बडे नाव कोरणारेही काही कमी झाले नाहीत.

मेजी राजवटीत पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, चिलमीच्या जागी सिगारेट आली. नेत्सुके निरुपयोगी झाले आणि युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांकडे गेले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते काचेआड शेकड्यांनी आहेत. ते गेले म्हणून टिकले, हे कबूल. पण काचेआड गेल्या दिवसापासून त्यांची झीज थांबली.

पुढे क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजारात मी एक लाकडी अळंबी घेतली. बिनसहीची, कडेला टवका उडालेली. या खेपेला सेन्सेईंनी नुसती मान डोलावली. ती आणि नंतरचे चार नेत्सुके पुण्यात आमच्या कपाटात आहेत. पाहुणे आले की मी ते काढतो, आणि कुणी दोन मिनिटांहून अधिक हातात धरले की अस्वस्थ होतो.

बेडूक मात्र बायकोने स्कूटरच्या किल्लीला बांधला. भाजीच्या पिशवीत, पावसात, पोळ्यांच्या पिठात, सगळीकडे तो तिच्याबरोबर जातो. आठ वर्षे झाली. परवा किल्ली शोधताना हाताला लागला. पाठीवरचे फोड सपाट होत आले आहेत आणि तो मागचा पाय आता कशातही अडकत नाही.