पांढऱ्या पाखराची राखण

आपल्याकडे राखण म्हटली की ती पिकाची, आणि करायची ती पाखरांपासून. आज मात्र पाखराचीच राखण कशी करावी, याविषयी थोडं बोलायचं आहे.

बुलबुल, साळुंकी, चिमणी किंवा कावळा यांच्यात क्वचित एखादा पक्षी पांढरा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो. कुणी त्याला शुभ मानतं, कुणी अशुभ. खरं तर तो त्यांच्यातलाच एक असतो. काळा-तपकिरी रंग देणारं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याच्या पिसांत उतरलेलं नसतं, एवढंच. शरीरात मेलॅनिन मुळीच तयार होत नसेल तर त्या पक्ष्याला ‘अल्बिनो’ म्हणतात. त्याचे डोळे लालसर दिसतात, कारण आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो. पिसं पांढरी, पण डोळे नेहमीसारखे काळेभोर असतील तर तो बहुधा ‘ल्युसिझम’. लाल-पिवळे रंग पुष्कळदा अन्नातून मिळणाऱ्या वेगळ्या द्रव्यांचे असतात. म्हणून पांढऱ्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल डाग कायम राहू शकतो.

आम्ही कवी मंडळी पांढऱ्या रंगात शांती पाहतो. दबा धरून बसलेल्या मांजराला त्यात शिकार दिसते. चिमणीचा मातकट रंग तिला मातीत लपवतो; पांढऱ्या पाखराला ही सोय नाही. वरून शिक्रा टपलेला असतो. शिवाय मेलॅनिन पिसांना बळकटी देतं. ते नसलं की पिसं लवकर झिजतात. अल्बिनोची नजरही अधू असते. म्हणजे शत्रूला तो लवकर दिसतो आणि त्याला शत्रू उशिरा!

मग त्याला पिंजऱ्यात सुरक्षित ठेवावं का? मुळीच नाही. देशी पक्षी पकडून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि पिंजऱ्यातलं पाखरू वाचलं, तरी त्याचं आकाश जातंच.

त्यापेक्षा आपली बाग सुरक्षित करावी. पाण्याचं भांडं झुडपाला अगदी चिकटून ठेवू नये, तिथं मांजर लपतं. फार उघड्यावरही नको. झुडपापासून आठ-दहा फुटांवर, उंचावर ठेवावं, म्हणजे मांजर येताना दिसतं आणि शिक्रा आला तर आडोसाही गाठता येतो. पाणी रोज बदलावं. करवंद, मेंदी अशी दाट झुडपं असू द्यावीत. विणीच्या दिवसांत त्यांची छाटणी टाळावी. घरट्याच्या झाडाला खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याचं रुंद कडं लावलं तर मांजर सहसा वर चढत नाही. आपलं मांजर असेल तर निदान पहाटे आणि तिन्हीसांजेला घरात ठेवावं. उडायला शिकणारं पिल्लू खाली दिसलं तर घरी न नेता जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावं. त्याचे आईबाप जवळपासच असतात.

आणि एक. पांढरं पाखरू दिसलं की आपण फोटो काढतो, पत्त्यासकट मोबाईलवरून गावभर पाठवतो. मग बघ्यांची गर्दी जमते, घरट्याकडे वाट पडते. पाखरं बुजून घरटं सोडतात. एखादा पकडणाराही येतो. फोटो जरूर काढावा, पण लांबून. आणि जागा सांगू नये. जे पाखरू आधीच सगळ्यांच्या नजरेत भरतं, त्याच्यावरून आपली नजर थोडी बाजूला घेणं, हीसुद्धा राखणच आहे.