दऱ्याखोऱ्यांतली रेंज

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला आमचा अहिल्यानगर जिल्हा, कालपरवापर्यंतचा अहमदनगर, महसूल खात्याच्या नकाशावर घोंगडी अंथरावी तसा सपाट दिसतो. परंतु नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरांवर आणि अकोले तालुक्यातील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरांवर, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या हद्दीत जवळजवळ एक किलोमीटरचा चढ आहे, ही गोष्ट त्या कागदावर उमटत नाही. मोबाइलचे टॉवर कोठे उभारावेत याचा विचार मात्र पुष्कळदा त्या कागदावरूनच होतो, आणि त्याची झळ डोंगरातल्या वाड्यांना बसते.

रतनगडाच्या बाजूला एका घरी ओसरीच्या मेढीला खिळा ठोकून त्यावर मोबाइल टांगलेला मी पाहिला. रेंज तेवढ्याच जागी येते. चुलीपर्यंत नेला की गेली. बोलायचे तर माणसाने मेढीपाशी उभे राहायचे.

याचे कारण असे की मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, कड्याच्या धारेवरून थोड्याफार वळतात, आणि लहर जितकी लांब तितकी ती अधिक वळते, म्हणून ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा डोंगरी मुलखाला अधिक उपकारक. शिवाय टॉवरवरचा अँटेना आपली शक्ती पंख्यासारखी आडवी पसरतो. तेव्हा शिखरावरचा टॉवर दूरचे पठार उजळतो, आणि पायथ्याची वाडी दिव्याखालच्या अंधारात राहते.

प्रत्येक टॉवरची पोच एक वर्तुळ मानली आणि सपाटीवर कमीत कमी वर्तुळांनी जमीन झाकायची तर मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी मांडणी सर्वोत्तम, हे रिचर्ड कर्शनर या गणितज्ञाने १९३९ साली सिद्ध केले. अवकाश गोलांनी झाकण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यात नियमित जाळीच्या मांडण्यांपुरता निर्णय १९५४ साली आपल्याच देशाचे गणिती आर. पी. बांबा यांनी दिला, ही अभिमानाची गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. त्यांनी सर्वोत्तम ठरविलेल्या मांडणीत प्रत्येक केंद्राच्या वाट्याला सहा चौरस आणि आठ षट्‌कोन अशा चौदा बाजूंची खोली येते. २००६ साली आलम आणि हास या संशोधकांनी हीच आकृती बिनतारी जाळ्यांना लावून दाखविले की, घनाकार खोल्या कल्पून केंद्रे मांडली तर ती जवळजवळ दुप्पट लागतात. त्यांनी आणखी एक दाखविले: केंद्राची व्याप्ती एक धरली, तर साऱ्या शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याचा आवाज सुमारे १.७९ पट दूर पोहोचला पाहिजे. व्याप्ती निराळी, संधान निराळे.

सह्याद्रीत केंद्रे अधांतरी टांगता येत नाहीत, त्यामुळे ती चौदा बाजूंची खोली येथे जशीच्या तशी बसत नाही. पण व्याप्ती आणि संधान यांतला भेद येथे पदोपदी भेटतो. दरीतल्या टॉवरला जेथे तार पोहोचलेली नाही, तेथे संदेश पुढे धाडणाऱ्या त्याच्या तबकडीला पुढच्या टॉवरची तबकडी समोर दिसावी लागते. ती दिसली नाही, तर मोबाइलवर रेंजच्या काड्या उभ्या राहतात आणि बोलणे मात्र होत नाही. त्यातून घाटघरसारख्या धुवाधार पावसाच्या प्रदेशात उच्च कंप्रतेची ही जोडणी पावसानेच क्षीण होते. म्हणून येथे टप्पे जवळजवळ ठेवावे लागतात.

माझे मत स्पष्ट आहे: शिखरावरच्या एका उंच टॉवरपेक्षा डोंगराच्या खालच्या सोंडेवर आणि खिंडीच्या तोंडाशी उभारलेले दोन ठेंगणे टॉवर अकोल्याला अधिक उपयोगी पडतील. जागा मुक्रर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी कचेरीतला नकाशा बाजूला ठेवून भर श्रावणात एकदा वाडीत यावे आणि चुलीपाशी उभे राहून मोबाइल लावून पाहावा.