दुर्गम भागातील वाहने व स्टॅबिलायझर बार

नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. गुडिहत्नूर येथे तो सोडून इंद्रवेल्ली व उटनूरकडे वळले म्हणजे पुढे गोंड व कोलाम वस्त्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा लागतात. शासकीय कामावरील जीपगाडी पुष्कळदा एकाच दिवशी या दोन्ही मार्गांवरून धावते. म्हणून तिच्या ‘स्टॅबिलायझर बार’ या भागाची माहिती चालकास असणे अगत्याचे आहे.

हा वाकविलेला पोलादी दांडा मध्यभागी रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्यास व दोन्ही टोकांस लिंकद्वारे डाव्या-उजव्या चाकांच्या यंत्रणेस जोडलेला असतो. दोन्ही चाके एकदम उचलली गेल्यास तो नुसता फिरतो. परंतु वळणावर गाडी कलू लागली की त्यास पीळ बसतो व तो कलण्यास विरोध करतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २४ मिलिमीटरचा दांडा दुपटीहून अधिक ताठ असतो. केवळ पुढचा दांडा जाड केल्यास गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते; केवळ मागचा केल्यास मागील चाके घसरण्याचा संभव वाढतो. यास्तव निर्मात्याने ठरविलेला दांडा बदलू नये.

ओढ्याच्या पात्रात मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. एक चाक दगडावर चढले असता दुसऱ्याने खाली जाऊन जमीन धरावयास हवी. दांडा त्यास अडवितो. चाक अधांतरी राहून नुसते फिरते व गाडी अडकते. काही गाड्यांत पुढचा दांडा तात्पुरता सोडविण्याची सोय असते. तिचा उपयोग अगदी मंद गतीनेच करावा आणि सुटी टोके टायरला वा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत अशी बांधावीत.

खरा धोका त्यानंतरचा आहे. कच्च्या वाटेवर सुखकर वाटते म्हणून दांडा कायमचा काढून टाकलेली गाडी महामार्गावर वेगात असता एखादे जनावर आडवे आले व चालकाने चाक झटकन वळविले, तर ती फार कलते आणि ताबा सुटू शकतो. म्हणून डांबरी रस्ता लागण्यापूर्वी गाडी थांबवून दोन्ही लिंक पक्क्या जोडाव्यात. अशी सोय नसलेल्या गाडीचा दांडा मुळीच काढू नये.

खडखडाट ऐकू आल्यास बुश व लिंक तपासून घ्याव्यात. दांडा असला तरी टपावर माणसे वा ओझे लादण्याची मुभा मिळत नाही, हेही चालकांनी ध्यानात ठेवावे.