रिसेंट फाईल्सचा मेन्यू: यादी दहा ओळींची, विचार थोडा जास्त

'फाईल' मेन्यूत शेवटच्या उघडलेल्या फाईल्स दिसतात ना, तो मेन्यू आपल्या डेस्कटॉप ॲपमध्ये कसा टाकायचा ते आज बघू.

उदाहरण आपल्या गोंदियाचंच घेऊ. धान विक्रीची नोंदणी सुरू झाली की सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत ऑनलाईन सेंटरवर गर्दी होते. प्रत्येकाचा सातबारा, आधार, पासबुक, आणि पीसी एकच. समजा, तिथल्यासाठी आपण एक छोटं पीडीएफ ॲप बनवतोय.

मुळात ही फक्त एक यादी आहे. फाईल उघडली की तिचा पूर्ण पाथ घ्यायचा. तो यादीत आधीच असेल तर काढायचा आणि सगळ्यात वर टाकायचा. दहाच्या वर गेलेले खालून कापायचे, यादी सेटिंग्जमध्ये सेव्ह करायची आणि मेन्यू पुन्हा भरायचा. झालं!

आता खरी गंमत. नोंद कधी करायची? क्लिक केल्यावर नाही, फाईल नीट उघडल्यावर. 'सेव्ह ॲज' केलं तरी नवीन पाथ टाकायचा. विंडोजवर पाथमधलं कॅपिटल-स्मॉल अक्षर सहसा सारखंच धरतात, म्हणून तुलनाही तशीच करा, नाहीतर एकच फाईल दोनदा दिसेल. 'सातबारा' नावाच्या चार फाईल्स असतील तर फक्त नाव दाखवून काय उपयोग? सोबत फोल्डरचं नाव दाखवा.

पेनड्राईव्ह काढून नेला तर? ॲप सुरू होताना सगळ्या फाईल्स तपासत बसू नका. यादीत नेटवर्क ड्राईव्ह असेल तर ॲप तिथंच अडकू शकतं. क्लिक केल्यावरच तपासा. फाईल सापडली नाही तर विचारा, "यादीतून काढू का?" आपणहून काढू नका, पेनड्राईव्ह परत लागू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच जणांच्या फाईलच्या नावातच माणसाचं नाव असतं. पुढच्या माणसासमोर मेन्यू उघडला की मागच्याचं आधार कोणत्या फोल्डरमध्ये आहे तेही दिसतं. म्हणून 'यादी साफ करा' हे बटण मेन्यूतच ठेवा, आणि यादी पूर्ण बंद करायची सोयही द्या.

एक मात्र लक्षात असू द्या. विंडोज स्वतःचीही वेगळी यादी ठेवतं. विंडोज 7 पासून टास्कबारवरच्या आयकॉनवर राईट क्लिक केलं की ती दिसते, तिला जंप लिस्ट म्हणतात. लिनक्सवर जीटीकेची ॲप्ससुद्धा एक सामायिक यादी वापरतात. आपली यादी पुसली म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. आणि यादी पुसली म्हणजे फाईल डिलीट झाली असंही नाही. बटणाखाली हे साध्या मराठीत लिहून टाका. सेंटरवाल्या दादांना कळेल, आणि रांगेतल्या काकांचे कागदही सांभाळले जातील.