खासबागेशेजारचे नाट्यगृह

कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडून खासबागेकडे वळले की आधी भेळेचा वास येतो, मग दगडी भिंती दिसतात. त्यांच्या एका अंगाला तांबड्या मातीचा आखाडा, दुसऱ्या अंगाला रंगमंच. शड्डू आणि नांदी यांना असे पाठीला पाठ लावून बसवणारे दुसरे गाव महाराष्ट्रात विरळाच. ही रचना राजर्षी शाहू महाराजांची. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली महाराज युरोपला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधले कोलोझियम पाहिले. हजारो माणसे एका जागी बसून एकच गोष्ट पाहतात, हे दृश्य त्यांनी मनात ठेवले आणि परतल्यावर आपल्या गावासाठी दोन वास्तू बांधल्या. खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. त्याला लागून ऑक्टोबर १९१३ मध्ये ‘पॅलेस थिएटर’चे काम सुरू झाले आणि १९१५च्या ऑक्टोबरात ते पूर्ण झाले.

नावात राजवाडा असला तरी इमारत राजवाड्यात नव्हती, भर वस्तीत होती. महाराजांचा मनोदय यातूनच कळतो. नाटक कंपन्या गावोगाव मांडव घालून किंवा पत्र्याच्या तात्पुरत्या थिएटरात प्रयोग करत होत्या, त्या दिवसांत कोल्हापूरकरांना पक्क्या बांधणीचे प्रेक्षागृह मिळाले. प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येईल असा खांब मध्ये नव्हता. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हतेच. नटाने तान घेतली तर ती आपल्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवी, या हिशेबानेच असे सभागृह बांधावे लागे.

अशी वास्तू उभी राहिली की तिच्याभोवती कारागिरी जमते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. पडद्यावर राजवाडा, अरण्य, रस्ता खरा वाटावा म्हणून त्यांनी जी नजर कमावली, तिच्याच जोरावर पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचे मूळ शोधत गेले तर आपण शेवटी रंगभूमीच्या विंगेत येऊन पोहोचतो.

१९५७ साली या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव याच गावचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०चा. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि पोटासाठी हे पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. ‘शारदा’ नाटकातल्या नायिकेच्या भूमिकेने मुलाचे नाव झाले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांनी हुबळीत स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापन केली. मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककाराचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगमंचावर आणण्याची हिंमत त्याच मंडळीची. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट मराठी रंगभूमी आजही सांगते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

नाव इतक्या मोठ्या गायकनटाचे असले, तरी गेली अनेक दशके हे थिएटर खऱ्या अर्थाने जगवले ते हौशी नाटकवाल्यांनी. ‘प्रत्यय’सारख्या संस्था इथल्याच मातीतल्या. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत इथे काय चालायचे हे एकदा पाहायला हवे होते. सकाळी टेम्पोतून सेट उतरतो. कालपर्यंत कुणाच्या तरी अंगणात रंगवलेली फ्लॅट्स दोघे-दोघे खांद्यावरून आत नेतात, खिळे ठोकले जातात. शिडीवर चढलेला पोरगा प्रकाशझोत फिरवत विचारतो, ‘‘दादा, इथं बरोबर आहे काय?’’ खालून दिग्दर्शक हाताने ‘आणखी डावीकडे’ अशी खूण करतो. दुपारी घाईची तांत्रिक तालीम. संध्याकाळी बँकेतला कारकून, शाळेतली बाई, उद्यमनगरातला कामगार आपापली ड्युटी उरकून रंगभूषेला बसतात. नटराजाला हार घातला जातो, नारळ वाढवला जातो, तिसरी घंटा होते. यातल्या कुणालाही नाटकातून पैसे मिळत नाहीत, उलट बहुतेकांच्या खिशातून जातात. नाट्यगृह कुणासाठी उभारायचे या प्रश्नाचे उत्तर ही माणसे आहेत.

८ ऑगस्ट २०२४च्या गुरुवारी रात्री हे नाट्यगृह पेटले. जीवितहानी झाली नाही, हे गावाचे नशीब. पण रंगमंच, पडदे, खुर्च्या आणि छप्पर यांतले काही वाचले नाही. मागच्या अंगाचे खासबाग मैदानाचे लाकडी व्यासपीठही जळाले. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या दिवशी गावातले कलाकार हार घेऊन जळक्या इमारतीपाशी जमले. कित्येकांना रडू आवरत नव्हते, कारण त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रवेश त्याच रंगमंचावर झाला होता.

शतकपूर्तीच्या सुमारास मोठा खर्च करून या वास्तूचे नूतनीकरण झालेले होते. तरी ती एका रात्रीत गेली. पुनर्बांधणीसाठी राज्य शासनाने २० कोटी रुपये जाहीर केले आणि महानगरपालिकेने काम हाती घेतले. कोल्हापूरकरांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच: जसे होते तसेच, तिथेच बांधा.

ही मागणी भाबडी नाही. व्हेनिसचे ‘ला फेनिचे’ हे नामांकित ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळाले. त्या गावानेही हाच हट्ट धरला. जुनी छायाचित्रे, आराखडे, अगदी चित्रपटात टिपलेले आतले भाग तपासून वास्तू पुन्हा घडवली, आणि डिसेंबर २००३ मध्ये ती उघडली. जवळजवळ आठ वर्षे लागली. पण वरून जुने दिसणाऱ्या त्या इमारतीच्या पोटात आगीपासून बचावाची व्यवस्था मात्र नवी बसवली गेली.

कोल्हापुरातही खरी कसोटी इथेच आहे. नाट्यगृहाचा रंगमंच म्हणजे उंच, पोकळ जागा. तिथे लाकूड, कापड, रंग आणि तापलेले दिवे एकत्र नांदतात. ठिणगी पडली की ज्वाळा सरळ वर चढतात आणि छप्पर धरतात. म्हणून पडद्यांना आगप्रतिबंधक प्रक्रिया, रंगमंचाच्या डोक्यावर पाण्याचे फवारे, धूर वरच्या वर बाहेर जाईल अशी खिडकी, आणि आग लागताच रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये खाली येणारा सुरक्षा पडदा हवा. वायरिंगची दर वर्षी तपासणी हवी, आणि तिचा अहवाल दाराशी लावलेला हवा.

दुसरी गोष्ट आवाजाची. दगडी भिंती आणि लाकूड यांच्यात जो आवाज घडत होता, तो पत्रा, काच आणि जिप्समच्या छताखाली आपोआप परत येणार नाही. वातानुकूलन यंत्राची घरघर जर विलंबित लयीतल्या पदाखाली ऐकू येऊ लागली, तर खुर्च्या कितीही मऊ असोत, केशवरावांच्या नावाला ते शोभणार नाही. उद्‌घाटनाआधी एखाद्या जाणत्या गायकाला ध्वनिक्षेपकाविना रंगमंचावर उभे करावे आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. ही चाचणी बिनखर्चाची आहे.

तिसरी गोष्ट भाड्याची, आणि तीच सर्वांत नाजूक. नूतनीकरणानंतर नाट्यगृहांची भाडी वाढतात. त्यापाठोपाठ तारखा संमेलने, सत्कार आणि शाळांच्या गॅदरिंगांकडे जातात आणि स्थानिक नाटकवाला समाजमंदिराच्या हॉलकडे वळतो. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवे संकुल उभारण्याचा विचार पुढे आला तेव्हाही रंगकर्मींनी विरोध केला होता. कोल्हापूरने हौशी संस्थांसाठी वेगळा, परवडणारा दर आणि वर्षातल्या काही राखीव तारखा आताच, बांधकाम सुरू असतानाच, ठरावात लिहून घ्याव्यात. एकदा फीत कापली की असे ठराव होत नाहीत.

वाचकांकडेही एक मागणे आहे. पॅलेस थिएटरच्या किंवा नंतरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आतले जुने फोटो, प्रयोगांची हँडबिले, तिकिटांचे अर्धुके, बक्षीस समारंभाची चित्रफीत, यांतले काहीही घरातल्या ट्रंकेत असेल तर ते काढा, त्याची प्रत करा आणि महानगरपालिकेकडे द्या. छताची नक्षी, विंगेची रुंदी, बाल्कनीचा कठडा नेमका कसा होता हे अशाच कागदांवरून कळते. आणि पुढची राज्य नाट्य स्पर्धा गावात ज्या सभागृहात होईल तिथे तिकीट काढून जा.