यंत्रातून निघाले ते अजून खत नव्हे

हिंगोली, वसमतच्या पेठांत खाली दुकान, वर घर; खताच्या खड्ड्याला अंगण कुठले? अशा घरांना स्वयंचलित खतयंत्र सोयीचे वाटते. मात्र बहुतेक घरगुती यंत्रे ओला कचरा तापवून, दळून केवळ वाळवतात. काही तासांत मिळणारा तपकिरी भुगा थेट तुळशीच्या कुंडीत घातल्यास ओल लागताच बुरशी धरतो. तो भरपूर ओलसर मातीत कालवून काही आठवडे मुरू द्यावा.

पालेभाज्यांचे देठ, दुधी-काकडीच्या साली निथळून टाकाव्यात. आंब्याची कोय तर पात्यांची वैरीणच! आंबूस वास आल्यास भांडे घासून कोरडे करावे. तरीही न गेल्यास कोळशाची गाळणी बदलावी. वीज गेल्यावर कचरा आत कोंडून ठेवू नये.

खरा प्रश्न मनाला टोचणारा आहे: त्या उष्णतेत सूक्ष्म जीवांचे काय? मुनींच्या पाच समितींपैकी उत्सर्ग समिती त्याज्य वस्तू जीवरहित जागी, जपून टाकावयास सांगते. श्रावकाला ती पूर्णांशाने साधत नाही. पण कचरा साठवून कुजू न देता त्याच दिवशी यंत्रात घालणे साधते. आणि झाकण लावण्यापूर्वी मुंगी, अळी, चिलट आत नाही ना, हे उजेडात पाहणेही.