पाच रुपयांचं नाणं पाच लाखांना? जरा थांबा!

मागच्या भागाच्या शेवटी मी सहज म्हणून गेलो की घरात जुनी नाणी असतील तर फोटो पाठवा. झालं! तेव्हापासून फोन थांबायला तयार नाही. आजीच्या ट्रंकेतली, देव्हाऱ्यातली, गल्ल्यातली, शेतात नांगराला लागलेली, सगळी नाणी आली. आणि दहातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच: "दादा, याचे किती मिळतील?"

म्हणून आजचा भाग त्याच प्रश्नावर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय, नेहमीसारखं, बोललो तसंच.

नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न रोज पडतो, आणि तिथली जुनी खोडं त्याची जी काही उत्तरं देतात ना, ती ऐकण्यासारखी असतात. कुणीतरी माता वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं टाकतो, "किती मिळतील?" खाली लगेच उत्तर: "पाच. शेजारच्या दुकानात जा, बिस्किटचा पुडा घे." दुसरा विचारतो, "काका, हे दुर्मिळ आहे का हो?" काका म्हणतात, "फार दुर्मिळ. माझ्याकडे फक्त दोनशे आहेत." एकाने शिवराई टाकली आणि खाली लिहिलं, "खुद्द महाराजांच्या हातून गेलेली आहे." त्यावर आलं, "पावती आहे का?"

हसू येतं, पण या थट्टेत पहिला धडा आहे. जुनं म्हणजे महाग नाही. सातवाहनांच्या काळातलं शिशाचं नाणं, अठराशे वर्षांहून जुनं, झिजलेलं असेल तर जाणकार विक्रेत्याकडे काही शे रुपयांतसुद्धा मिळतं. कारण ती नाणी भरपूर पाडली गेली आणि भरपूर सापडली. किंमत वयावर ठरत नाही. किती शिल्लक आहेत, किती चांगल्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यावर ठरते.

याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे १९११ चा रुपया. पंचम जॉर्ज गादीवर आला, नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक साखळी कोरलेली होती आणि त्या साखळीत एक छोटासा हत्ती. पण कोरणाऱ्याने हत्तीची सोंड आणि पाय असे काही आखूड काढले की लोकांना तिथं डुक्कर दिसायला लागलं. आता रुपयावर डुक्कर म्हटल्यावर आपल्याकडे काय होणार! नाराजी एवढी वाढली की सरकारने नाणं थांबवलं, पडून असलेला मोठा साठा वितळवला आणि १९१२ मध्ये नीट सोंडेचा हत्ती काढून नवा रुपया आणला. संग्राहक त्या १९११ च्या रुपयाला आजही 'पिग रुपी' म्हणतात. १९१२ चा रुपया त्याच राजाचा, त्याच चांदीचा, पण त्याला ते मोल नाही. एका हत्तीच्या सोंडेचा फरक!

त्या काळच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, कारण हाच खरा तोळा. आज सराफ सरळ दहा ग्रॅम धरतात, पण जुन्या काळी बंदा रुपया तराजूत टाकला की तोळा झाला. कुणी तुम्हाला १९३९ चा रुपया विकायला आला (हा फार दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही खूप) तर आधी सराफाच्या काट्यावर ठेवा आणि लोहचुंबक लावा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. एवढ्याने नाणं खरं ठरत नाही, पण निम्मी खोटी तिथंच पकडली जातात. पूर्वी दुकानदार नाणं दगडावर आपटून वाजवून घ्यायचे, आपण अजूनही 'खणखणीत' म्हणतो ते उगाच नाही. फक्त जमवायचं नाणं असं आपटू नका हां.

रामदरबार कोरलेली 'ईस्ट इंडिया कंपनी'ची तांब्याची नाणी तर मला रोज येतात. १६१६, १७१७, १८१८ अशी सुंदर सालं त्यावर असतात. मंडळी, ती चलनातली नाणी कधीच नव्हती. सबंध हिंदुस्थानात चालणारी एकसारखी नाणी कंपनीने काढली ती १८३५ पासून, आणि त्यातल्या रुपयावर होता राजा चौथा विल्यम. रामदरबाराचे हे तुकडे म्हणजे नंतर कुणीतरी बनवलेली टोकनं. देवघरात ठेवायची तर ठेवा, पण 'हे तांदूळ खेचतं, याला कोटी रुपये मिळतात' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. त्या तांदूळ खेचणाऱ्या नाण्यांच्या नादात कित्येकांची शेतं गेली आहेत.

आता जरा गंभीर बोलायचंय. जालन्याहून एका मुलीचा मोठा व्हॉइस मेसेज आला होता. तिचे बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं तिकिटाच्या बॅगेत आलेल्या चिल्लरमधून वेगळं दिसलेलं नाणं ते आपल्या खिशातला रुपया टाकून बदलून घ्यायचे आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. निवृत्तीनंतर मोबाइल आला. एका व्हिडिओखाली नंबर होता, 'जुनी नाणी लाखोंना घेतो.' बाबांनी फोटो पाठवले. पलीकडच्या माणसाने चार लाख कबूल केले, वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही पाठवलं. मग नोंदणी फी. मग जीएसटी. मग नाणी न्यायला येणाऱ्या गाडीचा विमा. असे करत करत साडेअठरा हजार गेले आणि नंबर बंद. ती म्हणाली, "पैशाचं जाऊ दे दादा. पण बाबांनी तो डबा माळ्यावर टाकलाय, आणि त्याचं नाव काढलं की उठून जातात."

ही फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या. विकणारे तुम्ही आहात, म्हणजे पैसे तुमच्याकडे यायला हवेत. पैसा उलट्या दिशेने जायला लागला की तिथंच समजा. नाणं विकत घेणारा खरा माणूस नाणं हातात घेऊन, उलटसुलट पाहून, घासाघीस करून पैसे देतो. फोटोवरून चार लाख कुणी कबूल करत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, ती त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आणि यूपीआयवर पैसे *घेण्यासाठी* पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

त्या मुलीला मी म्हटलं, डबा खाली काढ, बाबा बाहेर गेले की मला व्हिडिओ कॉल कर. तिने काढला. आत औषधाच्या कागदी पुड्या, आणि प्रत्येकीवर पेनाने लिहिलेलं: 'चांदणी', 'टिंब', 'चौकट', 'काही नाही'. मी बघतच राहिलो.

कारण हीच तर टांकसाळीची खूण! कुठलंही नाणं घ्या, वर्षाच्या खाली बघा. चौकटीसारखा हिरा असेल तर नाणं मुंबईचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. बारीक टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं, कुठलं पुस्तक नव्हतं. चालत्या लाल गाडीत, गर्दीत, एका हाताने दांडा धरून त्यांनी हे टिपलं आणि वर्षानुसार लावलं. एका पुडीवर प्रश्नचिन्ह होतं. आत १९८५ चा रुपया, वर्षाजवळ इंग्रजी 'एच' अक्षर. तो इंग्लंडात, बर्मिंगहॅमला पाडलेला. त्या काळात सुट्ट्या पैशांची एवढी टंचाई होती की सरकारने नाणी परदेशात पाडून आणली. त्याला लाख सोडा, फार मोठी किंमत येणार नाही. पण प्रश्न बरोबर पडला होता, आणि तीस-पस्तीस वर्षं उत्तराविना पुडीत पडून होता.

मी तिला एवढंच सांगितलं की बाबांना किमतीचं काही बोलू नकोस, 'एच' म्हणजे काय ते सांग. परवा तिचा मेसेज आला: "बाबा विचारतायत, तिकडून आणखी कुठली आली होती?"

बरं, ज्यांना शेतात किंवा घराच्या पायात काही सापडलंय त्यांच्यासाठी. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांत आज कटिंग चहा येतो, पण मर्यादा तीच आहे! हा कायदा कटकटीचा वाटतो मान्य, पण मी त्याच्या बाजूचा आहे. का ते सांगतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. म्हणजे हरवलेल्या राजाचा पैसा गोळा केला आणि त्याच्याच तोंडावर आपली मोहोर उमटवली! गौतमीपुत्राने नहपानाचं राज्य घेतलं याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. साठा एकत्र राहिला म्हणून तो कळला. तीच नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती तर? आणि हो, शंभर वर्षांहून जुनं नाणं सरकारी परवानगीशिवाय परदेशी पाठवायचं नाही, कुणी कितीही डॉलर दाखवले तरी.

शिवराईबद्दल खूप जणांनी विचारलंय. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ही नाणी महाराजांच्या नंतरही कितीतरी वर्षं पाडली जात होती, त्यामुळे तुमच्याकडची नेमकी त्यांच्याच काळातली असेल असं नाही. पण गंमत अक्षरांत आहे: कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'पति', कुठे 'पती'. ठसा कोरणारा जसा बोलला तसं त्याने कोरलं. शुद्धलेखनाच्या या 'चुका' जमवणारे लोक आहेत, आणि त्यांच्यात 'माझ्याकडचा ऱ्हस्व दीर्घ तुझ्याकडे नाही' यावर रात्री दोन-दोनपर्यंत भांडणं चालतात. सोन्याचा होन मात्र कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. अस्सल होन फार थोडे आहेत, नकली होन जत्रेत मिळतात.

सुरुवात करायची तर खर्च शून्य. आज घरातली चिल्लर ओता, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि चारही टांकसाळींची एकाच वर्षाची रुपयाची नाणी जमतात का बघा. सोपं वाटतं, नाहीये. नाणं कडेने धरा. मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. कोकणातल्या मंडळींनी डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. एकदा जाऊन या, डोळा तयार होतो.

पुढच्या भागात भोकाचा पैसा: महायुद्धात तांबं कमी पडलं आणि पैशाच्या पोटाला भोक पडलं, ती गोष्ट. फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचे पाठवा, वजन माहीत असेल तर लिहा. आणि कृपा करून चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काही लावू नका. तांब्यावरचा तो काळपट थर शंभर-दोनशे वर्षांत चढलेला असतो, तुम्ही तो दोन मिनिटांत काढता आणि मग मला विचारता, "दादा, आता किती मिळतील?"